पापाच्या तिकटीपासून डावीकडे

सकाळी पावणेसात

नवरात्र तोंडावर आहे. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची माणसं लोटतील आणि त्यातली बहुतेक रस्ता विचारायच्या आधी फोन काढतील. त्या फोनमधल्या गूगल मॅप्सवर कोल्हापूरचं एखादं लहान दुकान कसं दिसतं, ते बघणं हे माझं काम. नाव, पत्ता, नकाशावरची खूण, उघडण्या-मिटण्याच्या वेळा, फोटो, लोकांचे रिव्ह्यू आणि त्यांना उत्तरं. कागदोपत्री याला गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. दुकानदार नुसतं ‘लोकेशन’ म्हणतात. "ताई, आमचं पण लोकेशन टाका की," एवढ्या एका वाक्यावर माझी बरीचशी कामं आलेली आहेत.

चहा होईपर्यंत पहिलं काम म्हणजे रात्रीत कुणाची माहिती बदलली का ते बघायचं. नकाशावरच्या कुठल्याही दुकानाबद्दल कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. फोन चुकीचा आहे, दुकान दुसरीकडे गेलंय, कायमचं बंद झालंय. सोय चांगली आहे. मालकांनी कधी हातही न लावलेल्या कित्येक नोंदी गिऱ्हाइकांनीच सुधारलेल्या आहेत. पण मालक महिनोन्महिने तिकडे फिरकला नाही, तर चुकीची दुरुस्तीही लागू होऊन बसते आणि त्याच्या गावीही नसतं. आज एका किराणा दुकानाची रविवारची वेळ कुणीतरी बदलायला सुचवली आहे. मालकांना फोन लावला. "रविवारी एकपर्यंतच असतंय आमचं आता," ते म्हणाले. म्हणजे गिऱ्हाइकाचंच खरं. मान्य करून टाकलं.

सकाळी आठ

मिसळीचं दुकान. हे साडेसातला उघडतं आणि कट संपला की मिटतं, साधारण साडेबाराला. नोंदीत मात्र सकाळी सात ते रात्री नऊ असं होतं, कारण प्रोफाइल बनवणाऱ्या भाच्यानं रकाना मोकळा नको म्हणून काहीतरी भरलं होतं. मग दुपारी दोनला पुण्याची गाडी बंद शटरसमोर उभी राहायची आणि मिसळ न खाताच एक स्टार देऊन जायची. असे रिव्ह्यू खाली वाचत गेलं की एकामागोमाग लागतात: ‘बंद होतं’, ‘उगाच आलो’.

वेळ खरी लिहायची म्हटल्यावर मालक नाराज होते. त्यांचीही बाजू आहे. एखाद्यानं शोधलं त्या घटकेला दुकान बंद असेल, तर ते यादीत खाली जाऊ शकतं. म्हणून काही जण सरसकट ‘चोवीस तास उघडं’ लिहून मोकळे होतात. मला तो उद्योग मान्य नाही. पन्नास किलोमीटरवरून पोरंबाळं घेऊन आलेल्या माणसाला बंद दारासमोर उभं करून मिळवलेली वरची जागा दुकानाच्या काही कामाची नसते. आता साडेसात ते साडेबारा लिहिलंय, आणि माहितीत ‘कट संपेपर्यंत’ असंही.

गल्ल्याशेजारी एक छोटी पाटी लावली आहे, क्यूआर कोडची. स्कॅन केलं की थेट रिव्ह्यू लिहायचं पान उघडतं. मालकांच्या मुलाला वाटत होतं की रिव्ह्यू देणाऱ्याला ताक फुकट द्यावं. ते चालत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, वस्तू, पैसे काहीही देणं नियमात बसत नाही. खूश दिसणाऱ्या गिऱ्हाइकालाच तेवढं विचारायचं आणि कुरकुरणाऱ्याला टाळायचं, हेही बसत नाही. विचारायचं तर सगळ्यांना.

उत्तरं मी टाइप करते, पण बोलायचं मालकांनी. ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ असलं छापील वाक्य शंभर रिव्ह्यूंखाली चिकटवलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. लिहिणाऱ्यानं वेळ काढून लिहिलेलं असतं. एकानं लिहिलं होतं, मिसळ हवी तेवढी तिखट नव्हती. मालक म्हणाले, "कट मागायचा होता की! किती बी देतोय आम्ही." तेच लिहिलं, शब्द न बदलता.

साडेनऊ

पापाच्या तिकटीजवळची चप्पल लाइन. दुकानं अजून उघडायची आहेत आणि मला तीच वेळ हवी आहे. इथल्या एका काकांच्या दुकानाची पडताळणी राहिली आहे आणि ती व्हिडिओनं करायची आहे. पूर्वी पोस्टानं कोड असलेलं कार्ड यायचं, त्याची वाट बघत बसायची. आता बहुतेकांना व्हिडिओच मागितला जातो.

व्हिडिओ एका दमात काढायचा, मध्ये तोडायचा नाही. आधी रस्ता, शेजारची दुकानं, चौकाची पाटी, म्हणजे जागा कुठली ते कळावं. मग आपला बोर्ड. मग जे फक्त मालकच करू शकतो ते: कुलूप काढणं, शटर वर करणं, गल्ला उघडणं. आत माल, हत्यारं, भिंतीवरचा गुमास्ता. माणसांचे चेहरे किंवा बँकेचे कागद त्यात यायची गरज नाही. पहिल्या खेपेला काकांनी शटर वर केलं आणि सवयीनं उंबऱ्याला नमस्कार करून उदबत्ती लावायला गेले. कॅमेरा धरलेला नातू बाहेरच थांबला. दुसऱ्या खेपेला तो त्यांच्या मागोमाग आत गेला. उत्तर यायला पाचेक कामाचे दिवस लागू शकतात.

इथली खरी अडचण खुणेची आहे. दुकान आठ फूट रुंद, शेजारचं तेवढंच, त्याच्या पलीकडचं तेवढंच, आणि उपग्रहाच्या चित्रात सगळ्यांवर मिळून एकच पत्रा दिसतो. फोनची जागा दाखवण्याची चूक काही मीटरची असली तरी इथं काही मीटर म्हणजे दुसऱ्याचं दुकान. म्हणून खूण मी हातानं सरकवते, दारात उभी राहून, आणि दोन बोटांनी चित्र मोठं करून पुन्हा तपासते. मग प्लस कोड बघते. पृथ्वीवरच्या प्रत्येक लहान चौकोनाला अक्षर-अंकांचा एक छोटा कोड दिलेला आहे, घरनंबर नसलेल्या जागांसाठी. गूगलनंच तो तयार केला आणि सगळ्यांना फुकट वापरायला खुला ठेवला. काकांनी आपला कोड खडूनं दाराच्या आतल्या बाजूला लिहून घेतलाय, कुरिअरवाल्याला सांगायला. पत्त्याच्या ओळीत मात्र मी ‘पापाच्या तिकटीजवळ’ घालतेच. नकाशा बघत इथवर आलेला माणूस शेवटची पन्नास पावलं विचारतच येतो, आणि उत्तर देणारा ‘पापाच्या तिकटीपासून डावीकडे’ असंच सांगतो.

मग कॅटेगरी. एक मुख्य आणि तिच्याशिवाय नऊपर्यंत जोडता येतात. आधी कुणीतरी मुख्य कॅटेगरी ‘गिफ्ट शॉप’ ठेवली होती. चपलेच्या दुकानाची अशी नोंद असेल, तर चप्पल शोधणाऱ्याला ते सापडणार कसं? ‘शू स्टोअर’ मुख्य केली, ‘लेदर गुड्स स्टोअर’ जोडीला. बस. नऊ जागा आहेत म्हणून नऊ भरायच्या नसतात.

फोटोंवर मी जास्त वेळ घालवला. भारतात २०२२ च्या जुलैमध्ये नकाशात रस्त्याची चित्रं दाखवणारा स्ट्रीट व्ह्यू आला, तेव्हा पहिल्या दहा शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती; कोल्हापूर नव्हतं. दुकान समोरून कसं दिसतं हे आपणच दाखवलेलं बरं: एक फोटो रस्त्याच्या पलीकडून, एक दारातून. मग माल. कापशी, बक्कल नाली, प्रत्येकीचा वेगळा फोटो, उजेडात, जमिनीवर ठेवून. आणि काकांचे हात, तळ शिवताना. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशीच चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला. तेव्हापासून गिऱ्हाईक दारात पाय ठेवतानाच ‘ओरिजिनल आहे ना?’ विचारतं, असं काका सांगतात. त्या प्रश्नाचं उत्तर शिवणारे हात देतात. दुकानाच्या बोर्डावर ‘ओरिजिनल’ लिहून ते मिळत नाही.

निघताना काकांनी आपल्या फोनवर शोधून दाखवलं. "आमचं तर पहिलंच दिसतंय की."

"काका, तुम्ही दुकानात बसून बघताय."

हे मला जवळपास प्रत्येक ठिकाणी समजवावं लागतं. त्यांच्या फोनला माहीत आहे की ते कुठं बसलेत. त्याच शोधाला रंकाळ्यावर वेगळी यादी येते, स्टँडवर वेगळी, महाद्वार रोडवर आणखी वेगळी. म्हणून मी गाडीवरून फिरते आणि ठरलेल्या जागी थांबून शोधते: भवानी मंडप, बिंदू चौक, स्टँड, रंकाळा. आज भवानी मंडपातून काकांच्या नोंदीचा पत्ताच नव्हता. पडताळणी झाल्यावर पुन्हा बघू.

सव्वाअकरा

शिवाजी उद्यमनगर. लेथ, व्हीएमसी, पॅटर्न, वेल्डिंग. रस्त्यावर उभं राहिलं तरी फोनवर बोलता येत नाही. इथल्या एका जॉबवर्कवाल्यांची नोंद बंद पडली आहे आणि त्यांचा आवाज पार खाली गेलाय. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांकडून चौकशीचे फोन यायचे, ते थांबलेत.

कारण नावात होतं. बोर्डावर साधं नाव आणि पुढं ‘इंजिनिअरिंग वर्क्स’. नकाशावर मात्र त्या नावाला ‘बेस्ट व्हीएमसी सीएनसी जॉबवर्क इन कोल्हापूर शिरोली कागल’ असं शेपूट. कुणीतरी फोन करून ‘गूगलमधून बोलतोय’ असं सांगितलं, पैसे घेतले, पहिल्या नंबरची हमी दिली आणि नावात हे सगळं कोंबलं. नियम साधा आहे: बोर्डावर, बिलावर, गिऱ्हाइकाच्या तोंडात जे नाव आहे तेच नकाशावर. त्यात सेवा, शहर, विशेषणं घातली की नोंद स्थगित होऊ शकते.

मी त्यांना शांतपणे सांगितलं, कारण या माणसाची फसवणूक झालेली आहे आणि वर तोच स्वतःला दोष देत बसलाय. गूगल या नोंदीचे पैसे घेत नाही. यादीतला क्रम पैशानं मिळत नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर ती प्रायोजित असल्याचं लिहिलेलं असतं. पहिल्या नंबरची हमी कुणालाच देता येत नाही, मलाही नाही. गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं: शोधलेल्याशी तुमचं दुकान किती जुळतं, शोधणारा किती लांब आहे आणि तुम्ही किती नावाजलेले आहात. यातलं अंतर आपल्या हातात नाही. कागलच्या वसाहतीत उभ्या असलेल्या माणसाला तिथलाच जॉबवर्कवाला आधी दिसणार, आणि त्यात अन्याय काही नाही. पण ‘पॅटर्न’ किंवा ‘फाइव्ह-अ‍ॅक्सिस’ असं नेमकं काम शोधणाऱ्याला ते काम करणारा लांबचा माणूसही दाखवला जाऊ शकतो. त्यासाठी आपण काय करतो ते नीट लिहिलेलं हवं: कुठली मशिनं आहेत, किती मोठा जॉब बसतो, कास्ट आयर्न करता की अॅल्युमिनिअम.

मग अपिलाची तयारी. अर्ज सुरू केला की पुरावे जोडायला तासभरच मिळतो, त्यामुळं आधी सगळं गोळा करायचं आणि मगच बटण दाबायचं. जीएसटीचं प्रमाणपत्र, महावितरणचं बिल, बोर्डाचा फोटो. तिन्हींवर नाव आणि पत्ता एकसारखा आहे का? नव्हता. बिलावर प्लॉट नंबर होता, जीएसटीवर शेड नंबर. नोंदीचा पत्ता जीएसटीप्रमाणं केला, प्लॉट नंबरही त्यात घातला, नाव बोर्डाप्रमाणं केलं आणि अर्ज गेला. मालकांनी कामगाराला चहा आणायला पिटाळलं. मी थांबले.

दुपारी दीड

घरी जेवण. भाकरी, आमटी. फोन पालथा.

अडीच

लिहायचं काम. दुकानाच्या वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात ‘ग्राहकांचा संतोष हेच आमचे ध्येय’ याला जागा देणं मला पटत नाही. एका पुस्तकाच्या दुकानासाठी लिहिलं: शालेय पुस्तकं कुठल्या वर्गापर्यंत, जुनी पुस्तकं घेतात का, कव्हर घालून देतात का, जिना आहे का. शेवटचं महत्त्वाचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुकान पहिल्या मजल्यावर आहे हे घरी बसूनच कळायला हवं.

लोकांनी कुठले शब्द टाइप केल्यावर दुकान दिसलं, तेही प्रोफाइलमध्ये कळतं. तो रकाना मी सावकाश वाचते. दुकानदार स्वतःला ‘वस्त्र भांडार’ म्हणतो. माणसं रोमन अक्षरांत नऊवारी, शिवलेली नऊवारी, लहान मुलीची नऊवारी असं शोधत असतात. एका साडीवाल्या वहिनींकडे मुलींच्या शिवलेल्या नऊवारी आहेत, पण वर्णनात, फोटोत कुठंच नव्हत्या. आज घातल्या. नवरात्रात शाळांचे कार्यक्रम असतात.

चार

राजारामपुरी, वरच्या गल्लीतलं एक घर. इथल्या ताई डबे देतात, विद्यार्थ्यांना आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना. त्यांना नकाशावर यायचंय, पण दाराशी कुणी अनोळखी यायला नको. दिवसभर त्या आणि सासूबाईच घरी असतात.

ही भीती मला पूर्ण मान्य आहे आणि तिला सोय आहे. गिऱ्हाइकाकडे जाऊन सेवा देणाऱ्यानं पत्ता लपवायचा आणि सेवा कुठं देतो ते भाग लिहायचे, वीसपर्यंत. आम्ही तेवढे लिहिले नाहीत. राजारामपुरी, सागरमाळ, विद्यापीठाचा परिसर. त्यांचा मुलगा सायकलवर डबे घेऊन जातो तेवढंच. सारं कोल्हापूर लिहिलं तर कळंब्याहून फोन येणार आणि नाही म्हणावं लागणार. घरचा नंबर न देता डब्यासाठी वेगळं सिम घेतलं, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस. व्हिडिओत डबे भरताना दाखवले, एफएसएसएआयच्या नोंदणीचा कागद दाखवला, गल्लीची पाटी दाखवली. तो व्हिडिओ लोकांना दिसत नाही, फक्त पडताळणीसाठी असतो, हे सासूबाईंना दोनदा सांगितल्यावर त्या निर्धास्त झाल्या. आणि मला जेवूनच जा म्हणाल्या.

साडेपाच

गुजरी. एका सराफ शेठजींनी फोनवरचा मेसेज दाखवला: पन्नास फाइव्ह-स्टार रिव्ह्यू, अमुक रुपयांत. शेजारच्यानं घेतलेत म्हणे. मी म्हटलं, घेऊ नका. पकडले गेले तर रिव्ह्यू जातात, नोंदही जाऊ शकते. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, ते याच रोगावर. पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. सोनं घेणारा माणूस विश्वासावर घेतो. तुमच्या दुकानात तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं आहेत. त्यांना एकदा विचारून तर बघा. शेठजींनी समोर बसलेल्या आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "मला लिहायला येत न्हाई, नातीला सांगते. काय लिहू सांगा." त्यावर शेठजी, "आत्याबाई, तुम्हाला वाटेल ते." नातीनं तिथंच लिहिलं: आजीच्या लग्नातला कोल्हापुरी साज इथून घेतला होता, आज दुरुस्त करून नेला.

सात

नवरात्रात मंदिराभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद होतात, आणि नकाशावरून आलेली गाडी अडवलेल्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन अडकते. महाद्वार रोडवरच्या दुकानांसाठी आज एकच मजकूर तयार केला आणि प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये ‘अपडेट’ म्हणून टाकला: गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा, तिथून चालत या. पार्किंग भरलं तर काय, हे वाहतूक पोलिसांचं नियोजन जाहीर झाल्यावर जोडायचं.

आठ

शेवटचं काम लक्ष्मीपुरीतल्या भुसार दुकानात. यांची नोंद एका जुन्या कामगाराच्या ईमेलवर होती; तो नोकरी सोडून गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. मालकीची मागणी केली की आधीच्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्यानं उत्तर दिलं नाही, पुढची पडताळणी झाली, आणि आज नोंद मालकांच्या नावावर आली. मी कुठल्याही दुकानात स्वतःला मुख्य मालक ठेवत नाही, फक्त मॅनेजर. दुकान ज्याचं, किल्ली त्याच्याकडे. इथं तर मॅनेजरही नको, कारण मालकांची मुलगी अकरावीत आहे आणि तिला हे सगळं माझ्यापेक्षा भरभर येतं. माझं नाव तिनंच काढून टाकलं.

मग ती विशेष वेळांच्या पानावर गेली. घटस्थापना नेहमीप्रमाणं. अष्टमी नेहमीप्रमाणं. "पप्पा, दसऱ्याला किती वाजता उघडायचं टाकू?"

वजनकाट्यावरून मान वर न करता ते म्हणाले, "आधी काट्याची पूजा, मग दुकान. अकरा लिही. आणि चारला बंद लिही. चारनंतर सगळी दसरा चौकात असतात, सोनं लुटायला. कोण येतंय डाळ घ्यायला?"